नर्सिंगला घालायचं ठरलंय, पण कुठल्या कॉलेजात?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्स झाली, ६१ टक्के पडले. बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली, गुण मध्यम आहेत. आमच्यापुढे तीन जागा आहेत. शेजारच्या जिल्ह्यातलं एक खासगी बीएस्सी नर्सिंग कॉलेज मॅनेजमेंट कोट्यातून जागा देतो म्हणतंय, वर्षाला एक लाख वीस हजार, होस्टेल वेगळं. दुसरीकडे, जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलला जीएनएमसाठी, म्हणजे तीन वर्षांच्या नर्सिंग डिप्लोमासाठी, नंबर लागेल असं दिसतंय. तिसरं, एका एजंटानं बेंगळुरूचं कॉलेज सुचवलंय. हजेरीची सक्ती नाही, परीक्षेचं आम्ही बघतो म्हणाला. पुढे पक्की नोकरी लागावी, जमलं तर बाहेरच्या देशात जावी. आमची कोरडवाहू शेती आहे, चुकलो तर दुसऱ्यांदा पैसे उभे राहणार नाहीत. कुठे घालू? – परांडा तालुक्यातून एक वडील

उत्तर: आधी तिसऱ्या जागेचा विषय संपवू. हजेरीची सक्ती नाही, हाच गुण सांगून जो नर्सिंगचा प्रवेश विकतो, त्याच्याकडून तुमच्या मुलीला पदवीचा कागद मिळेलही, पण काम येणार नाही. बेंगळुरूत उत्तम नर्सिंग कॉलेजं आहेत, मी नाही म्हणत नाही, पण ती एजंटाच्या पिशवीतून मिळत नाहीत. असं कॉलेज कागदावर कसं उभं राहतं ते पाहायचं असेल तर मध्य प्रदेशचं प्रकरण आठवा. तिथल्या नर्सिंग कॉलेजांची तपासणी उच्च न्यायालयाला सीबीआयकडे द्यावी लागली. बऱ्याच ठिकाणी ना इमारत धड, ना शिक्षक, ना पेशंट. वर २०२४ मध्ये तपासणी करणारेच अधिकारी लाच घेताना पकडले गेले. यात खरी भरडली कोण? ज्यांच्या परीक्षा लटकल्या त्या मुली. त्यामुळे एजंटाचा फोन पुन्हा आला तर घेऊच नका.

आता पहिल्या दोन जागा. तुमच्या प्रश्नाचा रोख 'बीएस्सी मोठं की जीएनएम' असा आहे. मी सरकारी रुग्णालयात आधी परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) आणि नंतर अधिसेविका (मेट्रन) म्हणून काम केलं. दोन्ही कोर्सच्या मुली माझ्या हाताखालून गेल्या आणि निवड समितीतही समोर बसल्या. त्यावरून सांगते, कोर्सचं नाव दुसऱ्या क्रमांकाला ठेवा. पहिला प्रश्न हा विचारा: शिकताना मुलीच्या हाताखालून किती पेशंट जाणार आहेत?

मुलाखतीला आम्ही एक साधा प्रश्न ठेवत असू. ५०० मिली सलाइन आठ तासांत द्यायचंय, मिनिटाला किती थेंब? पाठ करून आलेली मुलगी झटक्यात 'एकवीस' म्हणते. वॉर्डात राबलेली मुलगी आधी विचारते, 'सेट कुठला आहे, मॅडम?' कारण मिलीला २० थेंब पडणारा सेट (सलाइनची नळी) असेल तर एकवीस बरोबर. १५ थेंबांचा असेल तर सोळाच. आणि लहान मुलांना लावतात तो ६० थेंबांचा मायक्रोड्रिप असेल तर त्रेसष्ट. सूत्र दोघींनाही येतं. पण सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो हे जिनं पाकिटं फाडलीत तिलाच सुचतं. खासगी हॉस्पिटलवालेही थोड्याफार फरकानं हेच तपासतात: हात चालतो का, आणि हात चालवण्याआधी डोकं चालतं का.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा कॉलेजची इमारत शेवटी बघा. इमारत, बस, संगणकांची खोली, रबराचे पुतळे मांडलेली लॅब हे सगळं पैशानं उभं करता येतं. पेशंट उभे करता येत नाहीत. तसं तपासणीच्या दिवशी गावातली माणसं आणून बेडवर झोपवल्याचे किस्से आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी ऐकलेले आहेत. पण तो प्रकार एका दिवसापुरता.

नियमाचं गणित सोपं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा, म्हणजे आयएनसीचा, दंडक आहे की एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असावेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. आता साठ जागांचं बीएस्सी कॉलेज धरा. चारही वर्षं मिळून २४० मुलं-मुली. स्वतःचं हॉस्पिटल शंभर बेडचं, त्यातले निम्मे रिकामे, तर एवढ्या जणींनी तिथे करायचं काय? मग कॉलेज दुसऱ्या हॉस्पिटलशी संलग्नता करतं, बहुतेक वेळा सिव्हिलशी, म्हणजे जिल्हा रुग्णालयाशीच. नियमाला ते चालतं. पण एकेका सिव्हिलला अशी तीन-चार कॉलेजं जोडलेली असतात आणि सकाळच्या राउंडला एका खाटेभोवती पांढऱ्या कोटांचं कडं झालेलं असतं. एकाच म्हातारबुवांचं बीपी सात जणी घेतात, आठवी मुलगी सहावीची वही बघून आकडा लिहिते. आता त्याच सिव्हिलच्या स्वतःच्या स्कूलमधली मुलगी बघा. ती संध्याकाळच्या आणि रात्रीच्या ड्युटीलाही तिथेच असते, सिस्टरला तिची गरज असते, आणि गरज असली की सिस्टर काम शिकवतेच.

तुम्ही एक दिवस मोडा आणि स्वतः जाऊन या. सोमवार किंवा मंगळवार, सकाळी दहाच्या सुमाराला, न कळवता. आधी हॉस्पिटलच्या ओपीडीत केसपेपरची रांग बघा. मग नातेवाइकासारखे वॉर्डातून फिरून या. बेडवर माणसं आहेत का, सलाइनी चालू आहेत का, लेबर रूमच्या बाहेर बाया ताटकळत बसल्यात का. त्यानंतर गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली भेटतात, त्यांच्याशी बोला. 'कॉलेज कसं आहे?' असं विचारू नका, 'चांगलं आहे काका' हेच उत्तर येईल. विचारा, 'पोरी, बाळंतपणं किती केलीस तू स्वतः? नुसती बघितलेली नकोत.' विचारा, 'सायकियाट्रीची पोस्टिंग कुठे झाली?' महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी; नाहीतर मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग. मुलगी चटकन ठिकाण आणि आठवडे सांगते की एकमेकींकडे बघून हसते, त्यावरून पुष्कळ कळतं. तिसरा प्रश्न इंटर्नशिपचा. २०२१-२२ पासूनच्या नव्या बीएस्सी अभ्यासक्रमात आठवं सेमिस्टर सगळं इंटर्नशिपचं आहे, २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. हे तास खरोखर भरतात की घरी बसून वही भरते, एवढं कळलं तरी तुमचं निम्मं काम झालं.

बाळंतपणाचा मुद्दा मी मुद्दाम काढला. खासगी हॉस्पिटलात पैसे मोजलेला पेशंट विद्यार्थिनीला अंगाला हात लावू देत नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही. सिव्हिलच्या लेबर रूममध्ये रात्री दोनला तीन टेबलं भरलेली असतात आणि ड्युटीवर सिस्टर एकच. तिथे तिसऱ्या वर्षाच्या मुलीला टाके घालताना ट्रे धरायला लागतो, बाळाला पुसून उबेत ठेवायला लागतं, बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं ते डोळ्यासमोर बघायला मिळतं. हे शिक्षण तुम्ही दिलेल्या फीत विकत मिळत नाही, ते त्या वॉर्डात असण्यानंच मिळतं.

कागदाची बाजू मात्र तितकीच घट्ट हवी, ती थोडक्यात सांगते. बीएस्सी कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलं पाहिजे (एसएनडीटीचं मुंबईचं कॉलेज किंवा अभिमत विद्यापीठांची कॉलेजं हे अपवाद), जीएनएमची शाळा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाच्या यादीत असली पाहिजे, आणि दोन्हींना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता हवी. आयएनसीच्या यादीतही नाव हवं. ज्या वर्षी मुलगी प्रवेश घेणार त्या वर्षीच्या यादीत, मागच्या वर्षीच्या नाही. जागा किती मंजूर आहेत तेही बघा. चाळीस मंजूर आणि बसवल्यात पंचावन्न, असं असेल तर वरच्या पंधरा जणींचं रजिस्ट्रेशन कुठे होणार? आणि रजिस्ट्रेशनशिवाय पदवी म्हणजे नुसती फ्रेम. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा मंजूर झालाय. पुढे नियम आणखी आवळले जातील असं धरून चाला. ढिलं कॉलेज त्या वेळी सगळ्यात आधी अडचणीत येईल.

आता नोकरी. 'नर्सिंग केलं की नोकरी मिळतेच' हे वाक्य खरं आहे, फक्त कुठली आणि किती पगाराची, ते त्यात सांगितलेलं नसतं. तालुक्याच्या ठिकाणच्या वीस बेडच्या नर्सिंग होममध्ये उद्याही नोकरी मिळेल, बारा-पंधरा हजारांची. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नव्या मुलीला साधारण त्याच्या दुप्पट, पण खोलीभाडं तिथलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं खासगी हॉस्पिटलांसाठी पगार सुचवले होते: दोनशेहून अधिक बेड असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीनं, शंभर ते दोनशे असतील तर जास्तीत जास्त दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आतल्या हॉस्पिटलातही वीस हजारांच्या खाली नको. शिफारस कागदावर आहे. तुमच्या तालुक्यात एखाद्या नर्सिंग होममध्ये विचारून बघा, कोणी देतं का ते.

सरकारी नोकरीचं गणित बघा, कारण बहुतेक आईवडिलांच्या मनात तेच असतं. राज्य सरकारच्या रुग्णालयांत स्टाफ नर्सचं पद म्हणजे अधिपरिचारिका. सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० रुपये, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. या पदाला जीएनएमही चालतं आणि बीएस्सीही. दोघींना एकच परीक्षा, एकच वॉर्ड, एकच पगार. तेव्हा घराजवळ सरकारी नोकरी एवढंच ध्येय असेल तर चार वर्षांच्या महागड्या बीएस्सीनं तीन वर्षांच्या जीएनएमपेक्षा दाराशी काही वेगळं मिळत नाही. अडचण वेगळीच आहे, भरती वेळेवर निघत नाही. निघाली की हजारोंनी निघते, मग कित्येक वर्षं सामसूम. मधल्या काळात कंत्राटी भरती होते. बाह्यस्रोतातून नर्स भरण्याविरुद्ध २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, ते याच कारणानं. तेव्हा पास झाल्या वर्षीच सरकारी ऑर्डर हातात पडेल असा हिशेब करून कर्ज काढू नका.

केंद्राच्या नोकऱ्यांत मात्र पदवीनं फरक पडतो. एम्ससाठी नॉरसेट परीक्षा असते, आपलं नागपूरचं एम्सही त्यात आलं. बीएस्सी झालेली मुलगी रजिस्ट्रेशन झालं की थेट बसू शकते. जीएनएमवालीला किमान पन्नास बेडच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पगार सातव्या लेव्हलचा, मूळ ४४,९०० रुपये. टाटा मेमोरियलची नर्सही याच लेव्हलला सुरू होते. परीक्षा कठीण आहे आणि देशभरातून मुलं बसतात. विशेषतः राजस्थान आणि केरळची मुलं पहिल्या वर्षापासून तिची तयारी करतात. आपल्याकडच्या मुली शेवटच्या वर्षी 'नॉरसेट म्हणजे काय हो?' म्हणून विचारतात, हे मला फार खटकतं. (मुलग्यांच्या पालकांसाठी: नॉरसेटमध्ये ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत. मुलग्यांनी नर्सिंगला येऊ नये असं अजिबात नाही. ओटी, डायलिसिस, आयसीयूत ब्रदरना चांगली मागणी आहे. पण सरकारी जागांचा हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून यावं.)

समुदाय आरोग्य अधिकारी हे पद २०१८ नंतर आलं. उपकेंद्रावर बसायचं, बीपी-शुगरच्या पेशंटचा पाठपुरावा करायचा, गरोदर बायांकडे लक्ष द्यायचं. बीएस्सीच्या नव्या अभ्यासक्रमात त्याचा भाग आतच घातलेला आहे. आपल्या राज्यात मानधन २५,००० आणि कामानुसार १५,००० पर्यंत जास्तीचे. पद कंत्राटी आहे आणि इथे बीएएमएस डॉक्टरही त्याच रांगेत असतात. तरी गावाजवळ राहू इच्छिणाऱ्या मुलीला ही जागा वाईट नाही.

एक जागा आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे सैन्याची. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिससाठी बीएस्सी नर्सिंगची सहा कॉलेजं आहेत, एकूण २२० जागा, आणि त्यातली दोन महाराष्ट्रातच: पुण्याचं एएफएमसी आणि मुंबईत कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी. शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चानं, आणि पास झाल्यावर लेफ्टनंटच्या हुद्द्यावर नेमणूक. फक्त अविवाहित मुलींसाठी (विधवा आणि घटस्फोटितांनाही संधी असते), आणि निवडीसाठी नीटची परीक्षा दिलेली असावी लागते. तुमच्या मुलीनं नीट दिलेली दिसत नाही, म्हणून यंदा हे दार बंद आहे. पण धाकटी बहीण किंवा चुलत बहीण असेल तर आत्ताच सांगून ठेवा. नीट फक्त डॉक्टर होणाऱ्यांनीच द्यायची असं समजून कितीतरी चांगल्या मुली ही जागा घालवतात.

परदेशाचं बोलू. इथे बीएस्सीचं पारडं जड आहे, पण देशागणिक वेगळं. सौदीत बीएस्सीवालीची नोंदणी स्पेशालिस्ट म्हणून होते आणि जीएनएमवालीची टेक्निशियन म्हणून. पगारात तो फरक कायम राहतो. आखाती देशांत साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, तोही बऱ्या आकाराच्या हॉस्पिटलातला, आणि तुमचं प्रत्येक सर्टिफिकेट डेटाफ्लोसारख्या संस्थेकडून मूळ कॉलेजात, कौन्सिलात विचारून पडताळलं जातं. हजेरी नसलेली कॉलेजं इथे उघडी पडतात. अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा आहे. ती पास होणाऱ्या आपल्या मुली आहेत, पण त्यानंतर व्हिसाची रांग काही वर्षांची असते. इंग्लंडची भरती कोविडनंतर जोरात होती, २०२४ पासून ती पुष्कळ थंडावली. यावरून एकच घ्या: चार वर्षांनी कुठल्या देशाचं दार उघडं असेल हे आज कोणालाच सांगता येत नाही. 'आमच्याकडे यूके प्लेसमेंट आहे' असं प्रवेशाच्या वेळी सांगणाऱ्या कॉलेजला तर नाहीच नाही.

सध्या सगळ्यांच्या तोंडी जर्मनी आहे. तिथे नर्सिंग हे मुळात तीन वर्षांचं व्यवसाय-प्रशिक्षण आहे, त्यामुळे जीएनएमवालीलाही वाव आहे. खरी चाळणी भाषेची. नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे बी-टू पातळीची जर्मन लागते आणि ती तीन महिन्यांत येत नाही, कोणी काहीही जाहिरात करो. नोकरी करत शिकणाऱ्या मुलीला वर्षभराच्या वर लागतो. आणखी एक गोष्ट मुलीला आधी सांगा. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं ही कामं प्रत्यक्षात मावशी-मामांवर पडतात. तिकडे ती नर्सच करते, रोज. हे माहीत नसताना गेलेल्या मुली पहिल्या महिन्यात रडून फोन करतात. माहीत असून गेलेल्या टिकतात.

परदेशाच्या नादात एक बारीक काम राहून जातं, ते आजच करा. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण तर दुसरीकडे फक्त अक्षर, आणि चार वर्षांनी लग्न झालं की पासपोर्टवर तिसरंच नाव. आपल्या मराठी मुलींच्या फाइली यात फार अडकतात. कॉलेजात प्रवेश घेतानाच बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव सगळीकडे एकसारखं करून घ्या, पासपोर्ट त्याच नावानं काढा, आणि रजिस्ट्रेशनही त्याच नावानं. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे घरातलं ठरेल, पण कौन्सिलच्या कागदावर शक्यतो हात लावू नये.

आता पैसे. खासगी कॉलेजची खरी मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिलेली असते. तुम्हाला सांगितलेला एक लाख वीस हजारांचा आकडा तिथे ताडून बघा. 'विकास निधी', 'क्लिनिकल चार्जेस', 'युनिफॉर्म किट' अशा नावांनी वर किती चढवलंय ते कळेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं: राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींच्या योजना वेगळ्या आणि आधीपासूनच्या आहेत. तुम्हाला कोट्यातून जागा देतो म्हणणाऱ्यानं हे सांगितलं का? सांगणारच नाही, कारण त्याची जागा मग भरायची कशी? चार वर्षांचे चार लाख ऐंशी हजार आणि होस्टेल, हा खर्च करण्याआधी कॅपचे सगळे राउंड संपू द्या. मध्यम गुणांच्या मुलींना शेवटच्या राउंडला बऱ्यापैकी कॉलेजं मिळालेली मी पाहिली आहेत. घाबरून आधीच कोट्यात पैसे भरलेल्यांना ती मिळत नाहीत.

'शंभर टक्के प्लेसमेंट' या पाटीबद्दलही सांगते. तिचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की ट्रस्टचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, पास झाल्यावर मुलीला तिथेच ठेवून घेतात, पगार फुटकळ, आणि मूळ सर्टिफिकेटं 'ऑफिसात जमा' राहतात. प्रवेश घेतानाच लेखी विचारा: सेवेचा बॉण्ड आहे का, मूळ कागद कधी परत मिळतील. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

एमएस्सीचं स्वप्न आत्ता बाजूला ठेवा. त्याला बीएस्सीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतोच, पण मी तर म्हणेन तीन-चार वर्षं वॉर्ड करून मगच जावं. अनुभव नसलेली एमएस्सी मुलगी खासगी कॉलेजात ट्यूटर म्हणून लागते आणि स्वतः न पाहिलेल्या गोष्टी दुसऱ्यांना शिकवते. पगारही स्टाफ नर्सपेक्षा कमी असतो बऱ्याच ठिकाणी. पेशंटजवळ राहूनच वर जायचं असेल तर क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम मला जास्त भवितव्याचा वाटतो. आयसीयू वाढतायत आणि तिथे जाणत्या हातांची चणचण आहे.

तर तुमच्या मुलीसाठी माझा क्रम असा. कॅपमधून सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलशी जोडलेलं बीएस्सी मिळालं, तर डोळे झाकून ते. मेडिकल कॉलेजांना लागून १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं काढायची घोषणा २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली होती, त्यामुळे विकल्प भरताना आपल्या भागात नवं काही सुरू झालंय का, तेही बघा. ते नाही मिळालं, पण कॅपमधूनच एखादं खासगी कॉलेज मिळालं, ज्याचं स्वतःचं हॉस्पिटल खरोखर भरलेलं आहे आणि फी माफीत बसतं, तर ते. तेही नाही, तर जिल्हा रुग्णालयाचं जीएनएम घ्या आणि मन खट्टू करू नका. तीन वर्षांत ती कमावती होईल, दोन वर्षांचा अनुभव घेईल, नॉरसेटला बसू शकेल, आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीही पुरी करेल. काळ थोडा जास्त जातो, पण कर्ज डोक्यावर नसतं आणि हात तयार झालेला असतो. मॅनेजमेंट कोट्यातली ती जागा माझ्या यादीत शेवटीसुद्धा नाही, निदान तुम्ही त्यांचं हॉस्पिटल सकाळी दहाला बघून येईपर्यंत तरी.

जाण्याआधी मुलीला एकदा सिव्हिलमध्ये ओळखीच्या सिस्टरबरोबर कॅज्युअल्टीत दोन-तीन तास उभं राहू द्या. रक्त बघून चक्कर आली तर काळजी नको, ती पहिल्या वर्षी पुष्कळ जणींना येते आणि जाते. पण लोकांच्या घाणीची किळस आणि रात्रीच्या ड्युटीचा तिटकारा असेल तर तो सहसा जात नाही, आणि ते आत्ता कळलेलं बरं.

कागदांचं शेवटचं. जीएनएमचा प्रवेश आणि बीएस्सीचे कॅप राउंड एकाच सुमाराला चालतात, आणि मूळ कागद दोन्हीकडे मागतात. जीएनएमला नाव लागलं तर प्रवेश घ्या, पण मूळ कागद जमा करण्याआधी प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख आणि कागद परत मिळण्याची मुदत ऑफिसातून लिहून घ्या. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल तर जात वैधता व नॉन-क्रीमीलेअर, यातलं जे हातात नसेल त्याचा अर्ज याच आठवड्यात टाका; जात वैधतेचा जिल्हा जात पडताळणी समितीकडे, बाकीचे तहसीलला. गुण असूनही दाखल्यावाचून राउंड हुकलेल्या मुली दरवर्षी असतात.